एवढंच करतो आणि येतो

माझ्या उजव्या डोळ्याखाली तीन टाक्यांची खूण आहे. पाऊस यायचा असला की डाव्या टाचेला तो माझ्याआधी कळतो. शेजारच्या बागेतले सात काजू माझ्यामुळे जळाले, आणि पडवीच्या कोपऱ्यात एक ग्रासकटर टांगलेला आहे, त्याचं इंजिन मी एकदा माझ्या हाताने मारलं होतं. गावी राहायला आल्यावर पहिल्या तीन वर्षांतली ही माझी कमाई.

ठाण्यात बत्तीस वर्षं बँकेत टेबलामागे बसलो आणि 2016 साली निवृत्त होऊन संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या घरी आलो. कौलारू घर, अडीच एकर बाग, आंबे, काजू, चार फणस, एक विहीर. गणपतीला आणि मे महिन्यात दरवर्षी यायचो, त्यामुळे गावातलं मला सगळं कळतं असा समज होता. पण सुट्टीत येणाऱ्याला गाव वाढलेलं ताट दाखवतं. रांधताना हात कुठे पोळतो ते चुलीपाशी बसल्याशिवाय कळत नाही.

पहिला बळी ग्रासकटरचा. आमच्याकडे श्रावणापर्यंत रान छातीला लागतं. बेणणीला माणसं मिळत नाहीत, म्हणून मी टू-स्ट्रोक यंत्र घेतलं. दुकानदाराने पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून दाखवलं होतं, एक बाटली भरूनही दिली होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती बाटली संपली तेव्हा माडाखालची चार हात पट्टी उरली होती. स्कूटरसाठी आणलेलं पेट्रोल घरात होतं. बायको ओटीवरून म्हणाली, "अहो, चहा ठेवलाय." मी म्हटलं, "एवढंच करतो आणि येतो," आणि नुसतं पेट्रोल ओतलं. यंत्र छान चाललं, नेहमीपेक्षा हलकं वाटलं. दहा-बारा मिनिटांनी आवाज चिरका झाला, मग एकदम थांबला. दोरी ओढली तर ओढली जाईना. देवरुखच्या मेकॅनिकने सिलिंडर उघडला, पिस्टनवरचे ओरखडे बोटाने दाखवले आणि विचारलं, "काका, याला तेल पाजलं नव्हतं काय?"

फोर-स्ट्रोक इंजिनात तेलाचा वेगळा साठा असतो. टू-स्ट्रोकात तो नसतो. पेट्रोलबरोबर जे तेल आत जाईल त्यावरच पिस्टन, बेअरिंग सगळं चालायचं. तेव्हा यंत्र घेताना पहिला प्रश्न हाच विचारावा, की हे टू-स्ट्रोक का फोर-स्ट्रोक? प्रमाण यंत्रागणिक वेगळं असतं. काहींना 25 भाग पेट्रोलला 1 भाग तेल, म्हणजे लिटरला 40 मिली. काहींना 50 ला 1, म्हणजे 20 मिली. पुस्तिकेत असेल तेच खरं, शेजाऱ्याच्या यंत्राचं प्रमाण आपल्या यंत्राला लावू नये. औषधाच्या बाटलीवरचं मापाचं झाकण यासाठी उत्तम. मिश्रणाचा डबा वेगळा, त्यावर रंगाने मोठी खूण, आणि तो डबा म्हणजे पाण्याची बाटली नव्हे. तहानलेला माणूस बाटली बघतो, वास घेत बसत नाही. आताच्या पेट्रोलात इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं. दिवाळीनंतर यंत्र टांगून ठेवायचं असेल तर टाकी रिकामी करावी, मग इंजिन चालू करून आपोआप बंद पडू द्यावं, म्हणजे कार्बोरेटरही रिकामा होतो. माझ्या आळीत दर जूनला तीन-चार यंत्रं दुरुस्तीला जातात, ती बहुतेक याच कारणाने.

डोळ्याखालचे टाके त्याच वर्षीच्या दसऱ्यानंतरचे. गडग्याकडेचं गवत कापत होतो. आमचा गडगा जांभ्याचा, कुठे कुठे ढासळलेला. दिवसभर गॉगल लावला होता, पण घामाने काच धुरकट होत होती. शेवटच्या पाच फुटांसाठी तो कपाळावर चढवला. पात्याने जांभ्याची कपची उडवली ती नेमकी डोळ्याच्या बोटभर खाली लागली. टाके घालणारे डॉक्टर म्हणाले, बोटभर वर लागली असती तर मी तुम्हाला रत्नागिरीला पाठवलं असतं आणि पुढचं सांगता आलं नसतं.

गॉगल धुरकट होतो हे खरंच आहे, त्यावर चिडून उपयोग नाही. जाळीचा मुखवटा मिळतो तो घ्यावा. त्यात वारा खेळतो, कपच्या अडतात. बारीक कचरा मात्र जाळीतून येतो, म्हणून आत साधा चष्मा हवाच. गडग्याजवळ, झाडाच्या बुंध्याजवळ लोखंडी पातं लावूच नये. तिथे नायलॉनची दोरी, मोकळ्या रानात पातं. पातं लावलेलं असताना एक गोष्ट घड्याळासारखी लक्षात ठेवावी. वरून पाहिलं तर बहुतेक यंत्रांचं पातं काट्यांच्या उलट दिशेने फिरतं. म्हणून गवत डाव्या अंगाने घ्यायचं, उजवीकडून डावीकडे झोत टाकत. पात्याचा 12 ते 3 वाजेपर्यंतचा भाग एखाद्या खुंटाला भिडला, तर सगळा दांडा झटका देऊन उजवीकडे, मागे, आपल्याच अंगावर येतो. खांद्याचा पट्टा त्या वेळी वाचवतो, म्हणून पट्टा न लावता 'हातातच धरतो' म्हणणाऱ्याला मी आता यंत्र देत नाही.

आणखी एक, हे कुठल्या पुस्तिकेत ठळक दिसत नाही. चालू यंत्राचा माणूस बहिरा असतो. आमच्या वहिनी एकदा मागून येऊन खांद्याला हात लावायला गेल्या. मी दचकून वळलो, माझ्याबरोबर पातंही वळलं. काही झालं नाही, पण त्या रात्री मला झोप नव्हती. तेव्हापासून घरात नियम आहे. मला बोलवायचं तर समोरून यायचं, पंधरा मीटरवर थांबायचं आणि पंचा हलवायचा. पहिल्यांदा सगळे हसले. आता नातवंडंसुद्धा पंचा घेऊन येतात.

टाचेची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण त्यात मी फार हुशारी केली होती.

2017 चा मे महिना. शाकारणी झालेली, कौलं नीट बसवलेली, आणि फणसाची एक फांदी थेट पाख्यावर आलेली. पावसात वाऱ्याने ती घासली तर कौलं फुटणार. झाडावर चढणाऱ्या आमच्या पाडेलीने सातशे रुपये सांगितले. एका फांदीला सातशे? मी करवत घेतली, शिडी घेतली. कालिदासाची गोष्ट मला माहीत होती, बसल्या फांदीवर कुऱ्हाड चालवण्याइतका मी वेडा नव्हतो. मी शिडी फांदीलाच टेकवली, पण बुंध्याच्या बाजूला, आणि कापत होतो बाहेरच्या बाजूला. म्हणजे पडणार तो पलीकडचा तुकडा. माझी शिडी टेकलेला भाग झाडालाच राहणार. कागदावर यात चूक काढून दाखवा.

चूक अशी, की पाच-सहा मण भाराने वाकलेली फांदी धनुष्यासारखी ताणलेली असते. बाहेरचा भार सुटला की उरलेला खुंट वर उसळतो. माझा खुंट हातभर वर गेला आणि शिडीचं डोकं मोकळ्या हवेत राहिलं. शिडी पुढे गेली, मी खाली आलो, उभाच्या उभा, डाव्या टाचेवर. उंची फार नव्हती, अकरा फूट. टाचेच्या हाडाचा चुरा व्हायला तेवढी पुरते. सहा आठवडे प्लास्टर, मग काठी. पाडेलीचे सातशे रुपये त्या बिलात कितीदा बसले ते मी मोजलं नाही, बायकोने मोजलं.

शिडी फांदीला टेकवायचीच नाही. बुंध्याला टेकवून वरच्या बाजूला दोरीने बांधायची, खाली एक माणूस धरून उभा. शिडी चार फूट उंच गेली तर तिचा पाय एक फूट बाहेर, बारा फूट गेली तर तीन फूट. यापेक्षा उभी असेल तर मागे उलटते, जास्त तिरकी असेल तर पाय सरकतो. शेणाने सारवलेल्या किंवा शेवाळलेल्या अंगणात पायाखाली पोतं घालावं. जाड फांदी एका घावात कापू नये. आधी बुंध्यापासून हात-दीड हात अंतरावर खालून तिसरा हिस्सा, मग त्याच्या जरा बाहेर वरून, म्हणजे साल खालपर्यंत सोलवटत जात नाही. राहिलेला खुंट शेवटी हलका झाल्यावर काढावा. आणि चेनसॉ घेऊन शिडीवर चढणं हा प्रकार कोणी कितीही सफाईने करून दाखवला तरी आपण करू नये. त्याच्या पट्टीच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की करवत तोंडाकडे उसळते, आणि शिडीवर मागे सरायला जागा नसते. (आख्खं झाड तोडायचं असेल तर गोष्ट वेगळी. आंबा, फणस ही झाडं 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत, आपल्या जागेतलं असलं तरी परवानगी लागते.)

प्लास्टरमध्ये पडून होतो तेव्हा बायकोने एक गोष्ट ध्यानात आणून दिली. ती म्हणाली, "अहो, पेट्रोल घातलंत तेव्हा, डोळ्याला लागलं तेव्हा, आणि परवा, तिन्ही वेळा तुम्ही मला एकच वाक्य बोलून गेलात." मी आठवून पाहिलं. खरंच होतं. दिवसभराच्या कामात मला कधी काही झालं नव्हतं. झालं ते उरलेल्या चार हातांत, शेवटच्या पाच फुटांत, एका फांदीत. काम मोठं असलं की आपण बूट घालतो, पट्टा लावतो, माणूस बोलावतो. 'एवढंच' असलं की यातलं काहीच करत नाही. त्यातून ते 'एवढंच' बहुतेक दिवेलागणीला येतं, हात थकलेले असताना.

कळलं म्हणून वळलं असं मात्र झालं नाही. पुढचं वर्ष आगीचं.

फेब्रुवारी 2018. बेणलेलं गवत, पातेरा, सुकलेल्या फांद्या असे बागेत ढीग होते. भाजावळ आमच्याकडे पिढ्यानपिढ्या चालते, म्हणून मीही पहाटे गड्याला घेऊन पेटवायला सुरुवात केली. व्यवस्थित चाललं होतं. पूर्वेकडून, म्हणजे सह्याद्रीकडून मंद वारा, धूर पश्चिमेला उघड्या कातळावर जात होता. नऊपर्यंत चार ढीग राख झाले. गड्याला दुसऱ्याकडे जायचं होतं, तो गेला. जाताना म्हणाला, "भाऊ, बाकीचं उद्या. आता वारा फिरंल." पूर्वेच्या हद्दीजवळ एकच ढीग उरला होता. साडेअकराला मी तो पेटवला.

मतलई वारे आणि खारे वारे आपण शाळेत पाठ केलेले असतात. रात्रीपासून सकाळपर्यंत जमिनीकडून समुद्राकडे, दिवस तापला की समुद्राकडून जमिनीकडे. कोकणात राहणाऱ्याला हे पाठ करावं लागत नाही, अंगाला कळतं. मला परीक्षेत त्याचे मार्क मिळाले होते, पण अंगाला कळत नव्हतं. वारा फिरला तेव्हा आधी धूर सरळ उभा राहिला, मग माझ्या डोळ्यांत आला. मी दोन कळश्या पाणी ओतलं. तोवर ठिणगी गडग्यापलीकडच्या वाळल्या गवतात पडली होती. तिकडे चढ होता. चढावर आग माणसापेक्षा वेगाने पळते, हे मी त्या दिवशी पळून पाहिलं.

हाकेसरशी वाडी धावली. बायामाणसांनी ओले टहाळे तोडून आग झोडपली, दोघांनी पुढे जाऊन कोयत्याने गवताची पट्टी मोकळी केली. दीड तासाने विझली. शेजारच्या दादांची सात काजूची कलमं गेली होती. वेंगुर्ला जातीची, लावून तिसरं वर्ष, पहिलाच मोहोर धरलेला. मी पैसे घेऊन गेलो. दादांनी पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "पैशानं तीन वर्षं येतात काय? कलमं आणून लाव, आणि उन्हाळ्याचं पाणी तूच घाल." दोन उन्हाळे मी सात झाडांना कळशीने पाणी घातलं. माझ्या बागेत पंप होता, त्यांच्या उतारावर नव्हता.

आता मी जाळत नाही. पातेरा आंब्याच्या आणि काजूच्या आळ्यात घालतो. ओल टिकते, खत होतं. ज्यांना भाजावळ करायचीच आहे त्यांनी हद्दीकडून दहा फुटांची पट्टी जमीन दिसेपर्यंत साफ करावी, हद्दीजवळचा ढीग ओढून मध्ये आणावा, सूर्य वर यायच्या आत संपवावं, आणि राख हाताला गार लागेपर्यंत जागा सोडू नये. वाऱ्याबद्दल गड्याचं ऐकावं. वणवा जंगलाकडे गेला तर वनखात्याचा 1926 हा नंबर आहे.

विजेचं थोडक्यात. आंबे काढायला बांबूचाच घळ वापरा, तोही कोरडा. अ‍ॅल्युमिनियमचा दांडा हलका असतो म्हणून लोक घेतात, आणि बागेवरून तारा गेलेल्या असतात. पंपाच्या स्टार्टरला अनवाणी, ओल्या हाताने शिवू नका, आणि अर्थिंग तपासून 30 मिलिअँपिअरवर पडणारं संरक्षक स्विच बसवून घ्या. फुरशाचंही सांगतो. रत्नागिरीत ते भरपूर, आणि ढासळलेल्या गडग्यातले दगड ही त्याची आवडती जागा. दगड उचलायच्या आधी पहारेने उलटा करा. गमबूट घाला. चावलंच तर कापाकापी, आवळपट्टी, मांत्रिक काही नको. 108 ला फोन करा आणि सर्पविषावरची लस असलेलं रुग्णालय गाठा.

विहिरीचं शेवटी ठेवलं आहे, कारण तिथे मला खूण राहिली नाही. खूण राहायला मी उरलो नसतो.

2019 च्या मे महिन्यात विहिरीतला गाळ काढायचा होता. पाणी बत्तीस फुटांवर गेलेलं. भाड्याने पेट्रोलचा पंप आणला, काठावर ठेवला. इंजिन फुरफुरतं, पाणी येत नाही. पुन्हा पुन्हा पाणी भरून पाहिलं, फूटव्हॉल्व्ह तपासला. दोष पंपाचा नव्हता. कुठलाही पंप वरून पाणी ओढतो तेव्हा ते हवेच्या दाबाने वर चढत असतं, आणि तो दाब हिशेबाने तेहेतीस-चौतीस फुटांपर्यंत आणि प्रत्यक्षात वीस-पंचवीस फुटांपर्यंतच साथ देतो. हे माहीत नसलं की माणूस पुढची पायरी चढतो, खरं म्हणजे उतरतो. पंप विहिरीत खाली, टप्प्यावर नेऊन ठेवतो. आम्हीही तेच केलं. दोर बांधून पंप पंधरा फुटांवरच्या टप्प्यावर सोडला, सुरू केला. पाणी धो धो आलं. सगळे खूश.

अर्ध्या तासाने नळी सटकली. "एवढीच नळी लावतो," म्हणून मी पायऱ्यांनी खाली उतरलो. इंजिन चालूच होतं. वास पेट्रोलच्या धुराचा, रस्त्यावर येतो तेवढाच. नळी हातात धरली आणि वाटलं, जरा बसावं. डोकं जड, कपाळ ठणकतंय, गुडघ्यांत जोर नाही. वरून वाडीतले म्हातारे तात्या ओरडत होते. मला ते ऐकू येत होतं, पण त्याचा माझ्याशी संबंध आहे असं वाटत नव्हतं. मग त्यांनी शिवी घातली. तात्यांनी मला कधी अरे-तुरेसुद्धा केलं नव्हतं. त्या शिवीने मी पायरी धरली. आठ पायऱ्या चढायला किती वेळ लागला ते मला आठवत नाही. वर आल्यावर ओकलो आणि संध्याकाळपर्यंत डोकं धरून पडून राहिलो.

इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि विहिरीसारख्या खोल जागेत तो वाऱ्याने निघून जात नाही. आपल्याकडे विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून पाहण्याची रीत आहे. प्राणवायू कमी असेल तर कंदील विझतो, तेवढी ती चांगली आहे. पण या वायूने कंदील विझत नाही. ज्योत नीट जळत असते आणि माणूस कोसळतो. म्हणून इंजिन विहिरीत उतरवायचंच नाही. खोल पाण्यासाठी विजेचा पाणबुडी पंप सोडावा, जनरेटर लागला तर तो काठापासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. वीज चालू असताना पाण्यात उतरू नये. गाळ काढायला उतरणाऱ्याच्या कमरेला उतरण्याआधी दोर, दोराचं दुसरं टोक वर दोन माणसांच्या हातात, आणि दर मिनिटाला हाक.

आमच्या जिल्ह्यात आणि बाहेरही अशा बातम्या उन्हाळ्यात वाचायला मिळतात. त्यात एक नाव कधी नसतं, तीन-चार असतात. पहिला कोसळला म्हणून भाऊ उतरतो, भाऊ दिसेना म्हणून मुलगा. तात्या त्या दिवशी खाली आले नाहीत, वरून शिवी देत राहिले, म्हणून आम्ही दोघेही जिवंत आहोत. तेव्हा तुमच्या वाडीत कोणी विहिरीत उतरला आणि हाकेला ओ देत नसेल, तर कितीही जवळचा असो, त्याच्यामागे उतरू नका. इंजिन चालू असेल आणि वरूनच बंद पाडता येत असेल तर पाडा. कमरेला दोर असेल तर ओढा. 112 ला फोन करा, आणि दुसऱ्या कोणालाही उतरू देऊ नका, त्याला धरून ठेवावं लागलं तरी.